खोटी ठरणारी वाक्ये : मुक्त सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका आणि त्यांची आवृत्त्यांशी शर्यत

संगणकावरील एखादे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सविस्तर सांगणाऱ्या पुस्तकाला मार्गदर्शिका म्हणतात, आणि ते सॉफ्टवेअर सुधारून ज्या ज्या वेळी लोकांच्या हाती नव्याने दिले जाते, त्या प्रत्येक खेपेला त्याची आवृत्ती निघाली असे म्हटले जाते. पुस्तकात जे लिहिले आहे ते पडद्यावर दिसावे, एवढीच वाचकाची अपेक्षा असते. परंतु सॉफ्टवेअर वर्षातून दोनदा बदलत असेल आणि मार्गदर्शिका लिहिणारे लोक आपापली नोकरी-शिक्षण सांभाळून, मोबदल्याविना, सवडीने काम करणारे असतील, तर ही साधी अपेक्षा पुरी करणे फार अवघड होऊन बसते. पंचांग पाडव्याला एकदम कालबाह्य होते आणि ते तसे झाल्याचे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. मार्गदर्शिका मात्र एकेका वाक्याने कालबाह्य होते, आणि तिच्यातले कोणते वाक्य आज खोटे ठरले याचा पत्ता पुष्कळदा तिच्या लेखकालाही नसतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याची मूळ संगणकीय संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते अशा सॉफ्टवेअरच्या जगात गेली वीस-पंचवीस वर्षे या अडचणीशी झगडा चालू आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लिब्रेऑफिस.

लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच आहे. त्यात मजकूर लिहिण्यासाठी रायटर, हिशेबाच्या तक्त्यांसाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस, आकृत्यांसाठी ड्रॉ, माहितीसाठ्यांसाठी बेस आणि गणिती सूत्रांसाठी मॅथ असे सहा कार्यक्रम आहेत. त्याचे मूळ स्टारऑफिस या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्याची संहिता ओपनऑफिस डॉट ऑर्ग या नावाने खुली केली. पुढे २०१० च्या आरंभी ओरॅकलने सन कंपनीच घेतली, तेव्हा अस्वस्थ झालेल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा करून वेगळी चूल मांडली, आणि जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिसची ३.३ ही पहिली आवृत्ती बाहेर पडली. ओपनऑफिसच्या काळातच 'ओओओ ऑथर्स' नावाचा स्वयंसेवी लेखकांचा गट मार्गदर्शिका लिहू लागला होता. ऑस्ट्रेलियातील तांत्रिक लेखिका जीन हॉलिस वेबर या त्यातील एक प्रमुख नाव. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिका याच लेखनाच्या पायावर उभ्या आहेत, म्हणजे त्यांतील काही परिच्छेदांचे मूळ खुद्द लिब्रेऑफिस या नावाहूनही जुने आहे.

लिब्रेऑफिसची मुख्य आवृत्ती सहा महिन्यांच्या अंतराने निघते, साधारणपणे एकदा जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीत आणि एकदा ऑगस्टच्या सुमारास. ही पद्धत वेळेला बांधलेली आहे. एखादी नवी सोय वेळेत तयार झाली नाही तर ती पुढच्या आवृत्तीत जाते, आवृत्ती तिच्यासाठी थांबत नाही. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांकच वर्ष आणि महिना यांवरून दिला जातो, म्हणून फेब्रुवारी २०२४ साठीची आवृत्ती २४.२ आणि ऑगस्टची २४.८. शिस्त म्हणून ही पद्धत प्रोग्रामरांना मानवते, कारण त्यांना आपले अर्धवट काम बाजूला ठेवता येते. मार्गदर्शिकेच्या लेखकाला ती सवलत नाही. कॅल्कच्या मार्गदर्शिकेतील अर्धी प्रकरणे २४.२ ची आणि अर्धी २४.८ ची असे पुस्तक निघाले, तर वाचक त्यातल्या कशावरच विश्वास ठेवू शकत नाही.

येथे दोन प्रकारच्या मजकुरांत फरक केला पाहिजे, कारण दोघांचे नशीब वेगळे आहे. पहिला प्रकार म्हणजे अंतर्गत मदत, जी एफ१ ही कळ दाबल्यावर उघडते. ही मदत सॉफ्टवेअरच्या संहितेशेजारीच, ठरीव खुणांनी बांधलेल्या फायलींच्या रूपात ठेवलेली असते, सॉफ्टवेअरबरोबरच तयार होते आणि तिच्यावर त्याच आवृत्तीचा क्रमांक असतो. शिवाय एका पानावर लिहिलेला उतारा दुसऱ्या पानावर आपोआप आणून बसवण्याची सोय तिच्यात असल्यामुळे एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहावी लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे मार्गदर्शिका. प्रत्येकी काही शे पानांची ही पुस्तके रायटरमध्येच लिहिली जातात, आणि ज्या साधनाचे वर्णन करायचे त्याच साधनाने ते करण्याच्या या आग्रहामुळे साधनातले दोषही कधीकधी लेखकांच्याच हाती आधी लागतात. प्रकरणे वेगवेगळ्या व्यक्ती उचलतात, एकाने सुधारलेले प्रकरण दुसरा तपासतो, आणि फेरफारांची नोंद ठेवणाऱ्या रायटरच्याच सोयीतून कोणी काय बदलले ते दिसत राहते. प्रकरणाच्या फायलीच्या नावातच पुस्तकाची आद्याक्षरे, आवृत्ती आणि प्रकरणाचा क्रमांक गुंफलेले असतात. ही व्यवस्था निगुतीची आहे. पण ती संहितेपासून दूर आहे, आणि सगळा प्रश्न या दुराव्यातून निर्माण होतो.

सामान्य समजूत अशी असते की मार्गदर्शिका मागे पडते ती नव्या सोयींबद्दल लिहायला कोणी नसल्यामुळे. ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. नव्या सोयीबद्दल लिहिणे हे या कामातील सर्वांत सोपे आणि स्वयंसेवकाला सर्वांत प्रिय असणारे काम असते. प्रत्येक आवृत्तीबरोबर तिच्यात काय नवे आहे हे सांगणारे आवृत्तिपत्रक निघते. त्यात 'एक्सलुकअप' हे सूत्र २४.८ मध्ये आले असे वाचले, की त्यावर एक परिच्छेद लिहायचा आणि तो योग्य प्रकरणात घालायचा. काय लिहायचे, कोठे लिहायचे आणि ते कधी पुरे झाले, हे तिन्ही स्पष्ट असते. अवघड काम दुसरेच आहे. आवृत्तिपत्रक सांगते की सॉफ्टवेअरमध्ये काय बदलले. परंतु त्या बदलामुळे चारशे पानांच्या पुस्तकातील कोणकोणती जुनी वाक्ये खोटी ठरली, याची यादी जगात कोणीही देत नाही. ती यादी करणे म्हणजेच मार्गदर्शिका अद्ययावत ठेवणे, आणि ती करण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे पुस्तक पुन्हा पहिल्यापासून, समोर नवी आवृत्ती उघडी ठेवून, वाक्य वाचून आणि तसे करून पाहत जाणे.

कॅल्कमधील स्तंभांच्या संख्येचे उदाहरण घेतले म्हणजे हे नीट कळते. तक्त्यात उभे रकाने म्हणजे स्तंभ आणि आडव्या ओळी म्हणजे पंक्ती. ओपनऑफिसच्या आरंभीच्या काळात एका पानावर २५६ स्तंभ असत. २००८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत ते १,०२४ झाले. पंक्ती पूर्वी ६५,५३६ होत्या, त्या ३.३ मध्ये १०,४८,५७६ झाल्या. पुढे अकरा-बारा वर्षे हे आकडे स्थिर राहिले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ७.४ आवृत्तीने स्तंभांची मर्यादा १६,३८४ वर नेली. आवृत्तिपत्रकात ही एक ओळ होती, आणि मोठ्या तक्त्यांवर काम करणाऱ्यांनी तिचे स्वागतच केले. मार्गदर्शिकेच्या बाजूने पाहिले तर या एका ओळीने काय काय होऊ शकते? कॅल्कच्या परिचयात 'एका पानावर १,०२४ स्तंभ असतात' असे वाक्य असते. प्रारंभिक मार्गदर्शिकेत तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत असते. स्तंभांची नावे अक्षरांनी कशी पुढे जातात हे सांगताना शेवटचा स्तंभ 'एएमजे' असल्याचा उल्लेख येतो, जो आता 'एक्सएफडी' झाला. दुसऱ्या सॉफ्टवेअरची फाइल उघडताना उजवीकडचे स्तंभ गळू शकतात असा इशारा कोठेतरी असतो, आणि त्यात आकडा मुळीच नसतो. १,०२४ हा आकडा शोधून पाहिला तर पहिली दोन वाक्ये सापडतील, त्याबरोबर किलोबाइट आणि मेगाबाइट समजावणारी निरपराध वाक्येही सापडतील. तिसरे वाक्य सापडण्यासाठी 'एएमजे' शोधायचे कोणाला तरी सुचावे लागेल. आणि चौथे कोणत्याही शोधाने सापडणार नाही, ते फक्त समजून वाचणाऱ्यालाच दिसेल.

आकडा निदान शोधता येतो, मेन्यूतील जागा बदलली की शोधणेही निरुपयोगी होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या ५.१ आवृत्तीत मेन्यूंची मोठी फेररचना झाली. रायटरमध्ये शैलींचा, कॅल्कमध्ये पानाचा आणि इम्प्रेसमध्ये स्लाइडचा स्वतंत्र मेन्यू आला, आणि अनेक आज्ञांनी आपले जुने घर सोडले. मार्गदर्शिकेत अशा आज्ञा 'अमुक मेन्यू, त्यात अमुक, त्यात अमुक' अशा वाटेने सांगितलेल्या असतात, त्यामुळे या एका बदलाने पुस्तकाच्या पानापानावरच्या वाटा चुकीच्या ठरतात. त्यानंतर २०१९ च्या ६.२ आवृत्तीपासून मेन्यूंऐवजी टॅबची पट्टी वापरण्याचा पर्याय सर्वांसाठी खुला झाला, म्हणजे एकाच आज्ञेच्या दोन वाटा झाल्या. वापरकर्त्याला निवड मिळाली ही चांगलीच गोष्ट. परंतु प्रत्येक निवड मार्गदर्शिकेत एक कायमचा 'किंवा' निर्माण करते, हे सोयी वाढवणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते. मॅकच्या बाबतीत लेखकांनी शहाणपणाने हा 'किंवा' पुस्तकभर पसरू दिला नाही. पुस्तकाच्या आरंभीच एक छोटा तक्ता दिलेला असतो, की विंडोज किंवा लिनक्सवर 'टूल्स' मेन्यूतील 'ऑप्शन्स' म्हटले असेल तेथे मॅकवर 'लिब्रेऑफिस' मेन्यूतील 'प्रेफरन्सेस' समजावे, कंट्रोल कळीच्या जागी कमांड कळ घ्यावी, एफ११ ऐवजी कमांड आणि टी. मॅकवरची एखादी वाट बदलली तर एका ओळीची दुरुस्ती पुरते. पुस्तक टिकावे म्हणून केलेली ही योजना साधी असली तरी इतर कोणत्याही यंत्रसामग्रीपेक्षा अधिक कामाची आहे.

याच सॉफ्टवेअरच्या अनुवादकांची स्थिती मार्गदर्शिकेच्या लेखकांपेक्षा बरी आहे, आणि त्याचे कारण पाहण्याजोगे आहे. मेन्यू, बटणे आणि सूचना यांतील मजकूर अनुवादासाठी तुकड्यातुकड्यांनी वेगळा काढला जातो. प्रत्येक मूळ तुकड्याला त्याचा मराठी, तमिळ किंवा पोर्तुगीज तुकडा जोडलेला असतो. मूळ इंग्रजी तुकड्यात एक शब्द जरी बदलला, तरी 'गेटटेक्स्ट' नावाच्या जुन्या आणि भरवशाच्या पद्धतीनुसार त्याच्या अनुवादावर 'संदिग्ध' अशी खूण पडते, आणि 'वेबलेट' या संकेतस्थळावरील साधनात अनुवादकाला 'याची पुन्हा पाहणी करा' असे सांगितले जाते. म्हणजे अनुवाद शिळा झाला की तो स्वतःच तसे कळवतो. मार्गदर्शिकेतील वाक्याला असा कोणताही धागा जोडलेला नसतो. 'उजवीकडील तिसरे बटण दाबावे' हे वाक्य कोणत्या बटणाबद्दल आहे हे यंत्राला कळत नाही, त्यामुळे बटण काढून टाकल्यावरही वाक्य तितक्याच आत्मविश्वासाने पुस्तकात उभे राहते. बेसची मार्गदर्शिका तर मुळात जर्मन भाषेत लिहिली गेली आणि तेथून इंग्रजीत आली. तेथे सॉफ्टवेअरमागे जर्मन पुस्तक आणि त्यामागे इंग्रजी पुस्तक अशी दुहेरी रांग लागते.

वेळेचे गणितही स्वयंसेवकाच्या विरोधात जाते. आवृत्ती बाहेर पडण्याच्या साधारण दोन महिने आधी नव्या सोयी घेणे बंद होते आणि त्यानंतर पडद्यावरील शब्दही गोठवले जातात. यापुढे फक्त दोष काढायचे. त्याआधी लिहिलेला मजकूर केव्हाही बदलावा लागेल, म्हणून लेखकाने खरे काम सुरू करायचे ते या गोठणीनंतर. दुसऱ्या बाजूला प्रत्येक आवृत्तीला दोषनिवारणाचा आधार मिळतो तो साधारण नऊ-दहा महिने. काही शे पानांचे पुस्तक तपासणे, चित्रे बदलणे, दुसऱ्याकडून तपासून घेणे आणि जुळवून प्रसिद्ध करणे यांत पाच-सहा महिने गेले, आणि सवडीने काम करणाऱ्यांच्या गटात ते सहज जातात, तर पुस्तक निघते तेव्हा पुढची आवृत्ती दाराशी उभी असते. म्हणूनच लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिका प्रत्येक आवृत्तीला निघत नाहीत. काही पुस्तकांनी मधल्या अनेक आवृत्त्या गाळून एकदम पुढे उडी घेतलेली आहे. याला अपयश म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येक आवृत्तीमागे घाईने आवरणपृष्ठावरचा क्रमांक बदलून आतला मजकूर तसाच ठेवणे हे अपयश ठरले असते, आणि व्यापारी प्रकाशकांच्या संगणकविषयक पुस्तकांत तो प्रकार वाचकांना अपरिचित नाही.

या पुस्तकांच्या आरंभीच्या पानाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण सगळी व्यवस्था तेथे लिहिलेली असते. कोणत्या आवृत्तीवर पुस्तक आधारलेले आहे, ते कधी प्रसिद्ध झाले, या खेपेला कोणी काम केले आणि आधीच्या खेपांना कोणी केले होते, हे तेथे वेगवेगळे सांगितलेले असते. त्याखाली परवाना असतो: ग्नू सार्वजनिक परवान्याची तिसरी किंवा पुढची आवृत्ती, अथवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय-उल्लेखाचा परवाना. या परवान्यांचा व्यावहारिक अर्थ असा, की मूळ लेखक आज संपर्कात नसला, त्याला रस उरला नसला, तरी नवा माणूस कोणाची परवानगी न मागता त्याचे प्रकरण उचलून दुरुस्त करू शकतो, फक्त जुन्या नावांचे श्रेय पुसायचे नाही. स्वयंसेवकांचे येणे-जाणे चालूच राहते. हा परवाना नसता तर प्रत्येक जाणाऱ्याबरोबर एक प्रकरण गोठून गेले असते.

चित्रांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, वाचकाला आधार देते, परंतु पुस्तकात सर्वांत आधी म्हातारे होते तेही तेच. २०१८ च्या ६.१ आवृत्तीत विंडोजवरील बटणांची चित्रमालिका बदलून 'कोलिब्रे' ही नवी मालिका आली, तेव्हा आज्ञा एकही न बदलता जुने चित्र जुने दिसू लागले. सॉफ्टवेअर तयार होतानाच डायलॉग बॉक्सची चित्रे आपोआप काढण्याची सोय लिब्रेऑफिसमध्ये आहे. पण ती चित्रे रिकाम्या डायलॉग बॉक्सची असतात आणि मार्गदर्शिकेला हवा असतो भरलेला, अर्थपूर्ण उदाहरणाचा. शब्दांत नीट सांगता येईल तेथे चित्र न देणे हाच त्यावरचा उपाय, आणि नवशिक्या लेखकांना तो पटवणे कठीण जाते.

इतर प्रकल्पांनी या अडचणीवर वेगळे मार्ग काढले. ओपनबीएसडी या संगणकप्रणालीचीही आवृत्ती सहा महिन्यांनी निघते, पण तेथे आज्ञेची वागणूक बदलणाऱ्या प्रोग्रामरनेच त्या आज्ञेचे माहितीपान बदलावे अशी रीत आहे, आणि पानातील चूक ही संहितेतील चुकीइतकीच गंभीर मानली जाते. त्यामुळे त्यांची माहितीपाने विश्वासार्हतेसाठी नावाजली जातात. हा मार्ग उत्तम खरा, मात्र तो चालतो तो वाचकही जाणकार असल्यामुळे. शाळेतील लिपिकाला कॅल्क शिकवणारे प्रकरण प्रोग्रामरने लिहावे ही अपेक्षा दोघांवरही अन्याय करणारी आहे. जीनोम या लिनक्सवरील प्रणालीच्या लेखकांनी दुसरी युक्ती योजली. सलग प्रकरणांचे पुस्तक मोडून त्यांनी एका कामाला एक अशी लहान पाने केली आणि त्यासाठी 'मॅलार्ड' नावाची लेखनपद्धती घडवली, जिच्यात प्रत्येक पान आपण कोणत्या आवृत्तीसाठी, कोणत्या तारखेला तपासले गेलो आणि आपली अवस्था काय हे स्वतःच्या पोटात बाळगते. कच्चे, अपुरे, कालबाह्य, तपासणीत, पक्के अशा अवस्था त्यात ठरवून दिलेल्या आहेत. 'कालबाह्य' ही अवस्था अधिकृतपणे मान्य करणे यातच या पद्धतीचे मोठेपण आहे. कारण अन्यत्र कालबाह्य पान आणि ताजे पान यांचे कपडे सारखेच असतात. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टच्या एकेकाळच्या विख्यात संग्रहात या शतकाच्या आरंभीच्या तारखा असलेले लेख आजही वाचता येतात. त्यांचे नशीब एवढेच, की तारीख तरी छापलेली आहे.

आतापर्यंतचा विचार मार्गदर्शिका मागे पडण्याचा झाला. उलट प्रकारही घडतो, आणि तो कमी चर्चिला जातो. सगळे वापरकर्ते नवी आवृत्ती घेत नाहीत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीबरोबर लिब्रेऑफिस ७.४ मिळते, उबुंटू २२.०४ बरोबर ७.३, आणि उबुंटू २०.०४ बरोबर ६.४. ज्या कार्यालयांत आणि प्रयोगशाळांत स्थैर्याला महत्त्व असते तेथे अशा आवृत्त्या वर्षानुवर्षे चालतात. तेथील माणसाने २४.८ ची ताजी मार्गदर्शिका उघडून 'एक्सलुकअप' वापरून पाहिले, तर त्याला चूक दाखवली जाईल आणि दोष कोणाचा हे त्याला कळणार नाही. त्याच्या दृष्टीने पुढे गेलेले पुस्तक मागे राहिलेल्या पुस्तकाइतकेच चुकीचे आहे. म्हणून जुन्या मार्गदर्शिका काढून न टाकता त्यांच्या क्रमांकांसह उपलब्ध ठेवणे आवश्यक ठरते. लिब्रेऑफिसच्या जाळ्यावरील मदतीच्या पत्त्यातच आवृत्तीचा क्रमांक असतो, हे म्हणूनच फार शहाणपणाचे आहे. ताजेपणाचा ध्यास घेऊन सर्व जुने पुसून टाकणारे प्रकल्प वापरकर्त्यांच्या एका मोठ्या वर्गाला वाऱ्यावर सोडतात, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मराठी वाचकाशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध मुंबईतून येतो. पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प, केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून मिळालेल्या निधीवर, मुक्त सॉफ्टवेअरचे धडे छोट्या चित्रफितींच्या रूपात तयार करतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांना आवाज देतो. पडद्यावरचे चित्र इंग्रजीच राहते, बोलणे मराठीत ऐकू येते. शिकणाऱ्याने फीत थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत तीच कृती करायची, अशी त्यामागची योजना आहे, आणि शिक्षकाविना शिकणाऱ्यासाठी ती फार उपयोगी आहे. मात्र याच योजनेमुळे आवृत्तीतील फरक येथे पुस्तकाहून अधिक बोचतो: वाचक पुस्तकातले चुकीचे वाक्य ओलांडून पुढे जाऊ शकतो, पण फितीतल्या माणसाने दाबलेले बटण आपल्या पडद्यावर नसेल तर शिकणारा तेथेच अडतो. लिब्रेऑफिसवरील सुरुवातीचे धडे उबुंटू १०.०४ वर आणि ३.३.४ या आवृत्तीवर केलेले होते, आणि ५.१ च्या मेन्यूबदलाने त्यांतील बऱ्याच वाटा मोडल्या. पुढे ६.३ साठी नवी मालिका करावी लागली. फितीत एक वाक्य दुरुस्त करता येत नाही. दृश्य पुन्हा घ्यावे लागते, आणि ते बदलले की मराठी, कन्नड, बंगाली असा प्रत्येक भाषेतील आवाज नव्या वेळांशी पुन्हा जुळवावा लागतो. या धड्यांच्या आरंभी कोणती प्रणाली आणि कोणती आवृत्ती वापरली आहे हे आवर्जून सांगितले जाते, आणि ती एक ओळच अडलेल्याला आपण का अडलो ते सांगते.

लिब्रेऑफिसचे मेन्यू मराठीत करून घेता येतात. त्या मेन्यूंना धरून लिहिलेली, सहाही कार्यक्रमांची मराठी मार्गदर्शिका मात्र इंग्रजीइतक्या विस्ताराने उभी राहिलेली नाही. ती व्हावी अशी इच्छा असणाऱ्यांचा पहिला विचार बहुधा इंग्रजी पुस्तक समग्र मराठीत आणण्याचा असतो, आणि तो टाळावा. चारशे पानांचा अनुवाद पुरा होईपर्यंत मूळ पुस्तक तीनदा बदललेले असेल, आणि इंग्रजी मेन्यूच्या वाटा मराठी मेन्यू वापरणाऱ्याच्या उपयोगाच्याही नसतील. त्याऐवजी ग्रामपंचायतीचा कर्मचारी, शाळेतील शिक्षक, छोट्या संस्थेचा हिशेबनीस यांना रोज लागणारी वीस-पंचवीस कामे निवडावीत, प्रत्येक कामाला एकच पान द्यावे, पानाच्या माथ्यावर 'अमुक आवृत्तीवर, अमुक तारखेला करून पाहिले' अशी ओळ लिहावी, आणि ते मुक्त परवान्याखाली ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला ती ओळ बदलता येईल. लेखनाची हौस किंवा सवड नसणाऱ्यालाही यात काम आहे. आपल्या संगणकावर 'हेल्प' मेन्यूतून आवृत्तीचा क्रमांक पाहावा, अशी काही पाने असतील तर त्यांतले एक पान घेऊन त्याप्रमाणे शब्दशः करून पाहावे, आणि जे वाक्य खोटे ठरले ते क्रमांकासह लेखकांना कळवावे. लिब्रेऑफिसच्या दोषांच्या सार्वजनिक नोंदवहीत मार्गदर्शक मजकुरासाठी वेगळा विभाग ठेवलेला आहे, आणि तेथे नोंद करायला एक ई-मेल पत्ता पुरतो.